सीलबंद डब्यातला जीव

सगळी हयात खाकीत गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले, देवळातल्या मूर्ती पळवणारे पाहिले, आणि देवाच्या दयेने बरंचसं विसरलोही. एक घटना मात्र काही केल्या डोक्यातून जात नाही. तसं पाहिलं तर तिच्यात रक्ताचा थेंबही सांडला नव्हता.

मी तेव्हा कुंभकोणम्‌ला इन्स्पेक्टर होतो. आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पुण्याचे नातेवाईक आमचं बोलणं ऐकून हसतात, "बखरीतून उठून आलात काय?" म्हणतात. हसू देत. हे लिहितानासुद्धा माझ्या भाचीने भाषा जरा आजची करून दिली आहे. राग मात्र माझाच आहे, तो तिने तसाच ठेवला.

मार्गळीचे दिवस होते, म्हणजे पोंगलच्या आधीचा थंडीचा महिना. सकाळची हजेरी आटपून मी कॉफीचा पहिला घोट घेतला, तोच एक गृहस्थ आत आले. शहराबाहेरच्या एका विद्यापीठात जीवशास्त्राचे प्राध्यापक. कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळाला विभूती.

"सार, माझं औषध चोरीला गेलं."

"दुकान कुठे आहे तुमचं?"

"दुकान नाही हो! जिवंत औषध आहे ते!"

आमच्या ठाण्यांत लिखापढी सांभाळणाऱ्या हवालदाराला रायटर म्हणतात. रायटरने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. वेड्या माणसांना चहा देऊन घरी पोचवायचा आमचा रिवाज होता. पण हे गृहस्थ वेडे नव्हते. त्यांनी बसून सगळं नीट समजावून सांगितलं. पापनाशम्‌जवळच्या एका पानमळ्यात, नागवेलीच्या मुळांशी असलेल्या मातीत, एक जीवाणू सापडला होता. तो जो चिकट रस सोडतो तो मधुमेह झालेल्या उंदरांच्या चिघळलेल्या जखमांवर लावला, तर जखमा भरून येत. साखरेच्या आजाराने ज्यांचे पाय कापावे लागतात त्यांना पुढेमागे याचा उपयोग होईल, अशी आशा होती. माणसांवर तपासायला अजून बराच अवकाश होता. पण पेटंटचा अर्ज तयार झाला होता.

जीव मोठा नाजूक. नुसता वाढवायला शिकण्यातच त्यांची वर्षं गेली होती. बोटाएवढ्या नळ्यांत गोठवून तो उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवलेला असे. नळीतच वितळून पडून राहिला की मेलाच. आणि आता फ्रीजरमधल्या सगळ्या नळ्या गायब होत्या.

"एखादी नळी दुसरीकडे ठेवली नव्हतीत?" मी विचारलं.

"नाही."

"का बरं?"

"चोरीला जाईल म्हणून."

रायटरने विचारलं, "सार, मालाची किंमत काय लिहू?" प्राध्यापक म्हणाले, "अमूल्य." रायटर म्हणाला, "अमूल्य चालत नाही, सार. कोर्ट परत पाठवतं." दोघांची त्यावर बराच वेळ जुंपली. शेवटी काचेच्या नळ्यांची किंमत लिहिली गेली.

संशय कोणावर, असं विचारल्यावर त्यांनी हैदराबादच्या एका कंपनीचं नाव घेतलं. मग विभागातल्या एका सहकाऱ्याचं घेतलं, मग शिपायाचं. किल्ल्या कोणाकडे असतात, हे मी खोदून विचारलं तेव्हा कुठे म्हणाले, "माझ्या हाताखाली पीएचडी करणारी एक मुलगी आहे. पण ती घरच्यासारखी आहे हो. सध्या तब्येत बरी नाही म्हणून येत नाही." नव्या पोरांना मी एक गोष्ट नेहमी सांगत असे. तक्रारदार ज्याचं नाव सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत हळू घेतो, त्याच्याकडे आधी जावं.

पण नुसत्या संशयावर बाईमाणसाच्या दारात पोलीस उभे करायचे नसतात. आधी माल कुठे असेल ते पाहू म्हटलं. एवढी थंडी शहरात आहे कुठे? माझी माणसं बर्फाच्या कारखान्यात गेली, मासळीबाजारात गेली, आइसक्रीमच्या गोदामात गेली. एक जण तर मासळीच्या पेट्या उपसून असा काही वास घेऊन आला, की त्याला दोन दिवस ठाण्याच्या ओसरीवरच बसवला. नळ्या कुठेच नव्हत्या.

खबर आली ती बसस्टँडजवळच्या कॉफी हॉटेलच्या मालकाकडून. हा माझा जुना खबऱ्या. गावोगावचं दूध त्याच्याकडे येतं आणि दुधाबरोबर गावोगावच्या गप्पाही येतात. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सार, तुम्ही बर्फात काय हुडकताय? तिरुविडैमरुदूरचा आमचा दूधवाला एक गंमत सांगत होता. त्याची गाय माजावर आली म्हणून रेतन करणारा आला. डबा उघडला, तर हातात भलतीच नळी आली. दूधवाल्याने विचारलं, हा कुठला बैल? तर तो घाबरून म्हणाला, बैल नाही, माणसांचं औषध आहे, तू तोंड बंद ठेव."

मी कपाळावर हात मारला. अरे कर्मा! गाईंना कृत्रिम रेतन करणारे लोक बैलांचं बीज द्रव नायट्रोजनच्या डब्यात घालून मोटारसायकलवरून खेडोपाडी हिंडतात. झाकण उघडलं की पांढरा धूर येतो. प्राध्यापकांच्या फ्रीजरहून जास्त थंडी त्या डब्यात असते. इतकी वर्षं ते डबे रस्त्यात पाहत होतो आणि एकदाही डोक्यात आलं नाही.

तो रेतन करणारा दूध संघाच्या दारातच सापडला. फार दमदाटी करावी लागली नाही. खिशातून रुमाल काढून घाम पुसत म्हणाला, "अय्या, विद्यापीठातली ती मुलगी माझ्या वर्गात होती शाळेत. म्हणाली, थोडे दिवस सांभाळ, उघडून बघू नको. मी गाईचं बघतो, दुसरं मला काही कळत नाही." डब्याच्या तळाशी, बैलांच्या बीजाखाली, कापडी पिशवीत सगळ्या नळ्या नीट होत्या. एकही फुटलेली नव्हती.

बायकांची विचारपूस त्यांच्या घरीच करायची, असा कायदा आहे. मी महिला हवालदाराला घेऊन तिरुविडैमरुदूरला गेलो. देवळामागच्या जुन्या आळीतलं घर. दार वाजवलं तर आतून म्हातारा आवाज आला, "कोण आलेत गे? आंत बसव त्यांस."

मराठी! आमचंच मराठी! मी दारातच थबकलो. आत झोपाळ्यावर मुलीचे वडील बसले होते. एक पाय गुडघ्याखाली नव्हता. साखरेने गेला होता. मी मराठीत नमस्कार केला, तर म्हातारबुवा खुलले. कोणत्या आळीतले, कोणाचे कोण, सगळं विचारू लागले. मुलगी मात्र खांबाला धरून उभी राहिली होती. तिशीची असेल. डोळ्यांखाली काळं पडलेलं. तिला कळून चुकलं होतं.

"नळ्या मिळाल्या आहेत, अम्मा," मी म्हणालो. "जिवंत आहेत."

आधी तिने मोठा श्वास सोडला. मग म्हणाली, "त्या गाईवाल्याला काही करूं नका, मामा. त्याला काय म्हणून धरलंत? त्यास कांही ठाऊक नव्हतं."

"मग तू सांग."

तिने सांगितलं. ती माती तिने खणली होती. पानमळ्याच्या चरात गुडघाभर चिखलात उभी राहून. जीव वाढत नव्हता, तेव्हा त्याला काय घातलं तर वाढेल हेही तिनेच शोधलं होतं. आणि पेटंटच्या अर्जावर शोध लावणारा म्हणून एकट्या सरांचं नाव होतं. तिचं नाव आभारात. अर्ज करताना जीवाणूचा नमुना सरकारमान्य संग्रहात ठेवावा लागतो. तो एकदा सरांच्या नावाने गेला की संपलं. "ते पाठवणार होते, मामा. म्हणून मी आधी उचलल्या. विकायला नव्हे. विकायचं असतं तर बैलांबरोबर ठेवलं असतं काय?"

"सरांना बोलली नाहीस?"

"बोलले. ते म्हणाले, लॅब माझी, पैसा मी आणला, तूही माझ्यामुळेच घडलीस."

झोपाळ्यावरून वडील म्हणाले, "तिला मी लहानपणीं हट्टी म्हणून मारलं आहे. उपयोग झाला नाहीं."

चोरी ती चोरीच. मी तिला अटक केली नाही, हजर राहण्याची नोटीस दिली. पण मनातून मला वाटत होतं, की हे प्रकरण कॉफीच्या एका पेल्यावर मिटेल. गुरू-शिष्याचं भांडण. आजपर्यंत सासू-सुना मिटवल्या, भाऊ-भाऊ मिटवले, हे काय मोठं!

खरी पंचाईत पुढे झाली. महजर केला, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला पंचनामा म्हणतात तो. नळ्या जप्त दाखवल्या. जप्तीचा माल कोर्टाच्या ताब्यात द्यायचा असतो. माल सांभाळणारा कारकून तो धुमसणारा डबा पाहून दोन पावलं मागे सरकला. "हे भूत माझ्या खोलीत नको," म्हणाला. दूध संघालाही त्यांचा डबा परत हवा होता. गाई काही कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाहीत. शेवटी गुरांच्या सरकारी दवाखान्याने एक जुना डबा दिला. त्यात नळ्या हलवल्या आणि डबा तिथल्याच कोठीत ठेवला.

मी म्हटलं, विद्यापीठाच्या फ्रीजरमध्येच ठेवू या ना. मुलीचा वकील उसळला, "म्हणजे उद्या ते नमुना स्वतःच्या नावाने पाठवून मोकळे!" बरं, दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत ठेवू म्हटलं, तर सरांचा वकील म्हणाला, "तिथे ही मुलगी नळ्या बदलेल." दोघांनाही दुसऱ्यावर काडीचा विश्वास नाही. मग दोन्ही वकिलांनीच कोर्टाकडून हुकूम घेतला, की डब्याला लाखेचं सील लावावं आणि दोन्ही पक्ष हजर असल्याशिवाय ते कोणी फोडू नये. सील लागलं. दोघांनी वाकून वाकून तपासलं.

पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "इन्स्पेक्टर, डबा जुना आहे. आतला नायट्रोजन झाकणाच्या फटींतून उडून जातो. वरचेवर भरावा लागेल."

"भरा की."

"कसा भरू? झाकणावर तुमची लाख आहे."

त्या दिवशी मला प्रथम भीती वाटली. चोरी पकडली, माल मिळाला, आणि माल आता आमच्याच लाखेखाली मरायला लागला होता. दोघांनी एकदा येऊन समोरासमोर उभं राहायचं, झाकण उघडायचं, नायट्रोजन ओतायचा, पुन्हा लाख लावायची. अर्ध्या तासाचं काम. तेवढ्यासाठी मी दोघांना ठाण्यात बोलावलं. रायटरने समोरच्या हॉटेलातून पितळी पेल्यांत फेसाळ कॉफी आणली. दोघांनीही ती प्यायली नाही.

"सर, डबा उघडायला या," मी म्हणालो. "भांडण मागाहून."

"येतो," प्राध्यापक म्हणाले. "पण आधी तिने चोरी केल्याचं लिहून द्यावं. नाहीतर उद्या ही म्हणेल, मी हजर राहून तिचा हक्क मान्य केला."

मुलगी म्हणाली, "देते लिहून. आधी सरांनी अर्जावर माझं नाव घालावं."

"आधी तू!"

"आधी तुम्ही!"

"नाव घालीन मी! मी काय राक्षस आहे?" प्राध्यापकांचा आवाज फाटला. "पण चोराच्या धमकीने नाही घालणार!"

मी टेबलावर हात आपटला. पेला कलंडला. "अहो, तुमच्या 'आधी आधी'त तो जीव मरेल तिकडे!" मला वाटलं, आता वळतील. मुलगी खाली बघत होती. प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. त्यांनीच तिला पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाशी बसवलं होतं, तिच्या वडिलांचा पाय कापला तेव्हा इस्पितळात रात्रभर तेच बसले होते. हे मला तिनेच सांगितलं होतं. एवढं असूनही ते उठले आणि वकिलाला विचारतो म्हणून गेले. मागोमाग तीही गेली.

वकिलांनी काय सांगितलं असेल ते सांगायला नको. कोर्टात हुकूम बदलून मागावा म्हणून मी अर्ज टाकला, तोवर पोंगल आला. कोर्ट बंद. भोगी झाली, दारोदार पोंगलचा दूधभात उतू गेला, मग गुरांचा सण आला. गाई-बैलांची शिंगं रंगवलेली, गळ्यात माळा, आणि गुरांच्या दवाखान्याच्या कोठीत तो डबा. मी सणाचा गोड पोंगल घेऊन प्राध्यापकांच्या घरी गेलो, हात जोडले. म्हणाले, "ती येते का विचारा, ती आली तर मी येतो." तिच्या घरी गेलो. म्हणाली, "सर आले तर येते, मामा." तिचे वडील झोपाळ्यावरून ओरडले, "जा गे, जा! माणसानें एवढें ताठ असूं नये!" तिने डोळे पुसले, पण चपला घातल्या नाहीत. असल्या दोन आडमुठ्यांना एका गाडीला जुंपणं कसलेल्या गाडीवानालाही जमलं नसतं.

सण संपल्यावर सकाळीच पशुवैद्यकीय डॉक्टरांचा फोन आला. "इन्स्पेक्टर, डबा हलका लागतोय."

मी दोघांना फोन केले. या वेळी कोणी 'आधी' म्हटलं नाही. प्राध्यापक घरच्या लुंगीवर आले, शर्टाची बटणं चुकलेली. मुलगी रिक्षातून उतरली ती रिक्षावाल्याला थांब म्हणायचंही विसरली. कोठीत आम्ही सगळे दाटीने उभे. मी लाख फोडली, झाकण उचललं.

धूर आला नाही.

मुलीने हात आत घातला. पिशवी बाहेर काढली, नळ्या तळहातावर घेतल्या. आतलं पाणी हलत होतं. गोठलेलं काही उरलं नव्हतं. प्राध्यापक म्हणाले, "चल, लवकर चल, एखादी तरी जगेल." दोघं धावतच गाडीत बसले. मीही मागे बसलो, जप्तीचा माल होता ना!

त्या लॅबमध्ये दोघांना काम करताना पाहिलं ते मी विसरणार नाही. तिने हात पुढे केला की त्यांनी न विचारता हवी ती वस्तू तिच्या हातात द्यावी. त्यांनी मान वळवली की तिने दिवा सरकवावा. इतकी वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसांसारखे. प्रत्येक नळीतला थेंब काचेच्या बशांत पसरला आणि बशा उबवणीच्या कपाटात ठेवल्या. रोज मी ठाण्यातून जाऊन विचारून येत होतो. शेवटी एके दिवशी दोघांनी मला आत बोलावलं. बशा टेबलावर मांडल्या होत्या. सगळ्या स्वच्छ. काही उगवलं नव्हतं.

प्राध्यापकांनी एकेक बशी झाकून बाजूला ठेवली. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "अर्जावर तुझं नाव आधी घालतो. माझं नंतर."

ती म्हणाली, "कशावर, सर?"

मी बाहेर आलो. साठीला टेकलेला पोलीस विद्यापीठाच्या आवारात रडताना दिसू नये म्हणून जीपच्या मागे जाऊन उभा राहिलो.

तक्रार मागे घेतली गेली. दोघं मिळून पुन्हा त्या पानमळ्यात जाऊन आले. पण मळेवाल्याने वेली काढून तिथे केळी लावली होती. आजूबाजूच्या मळ्यांची माती आणून पाहिली, तो जीव सापडला नाही. मुलगी आता बंगळूरला दुसऱ्याच विषयात काम करते. प्राध्यापक निवृत्त झाले. देवळात कधी दिसले तर मान हलवतात, बोलत नाहीत.

लोक विचारतात, चूक कोणाची? मी आता तो हिशेब मांडत नाही. खोटं कोणीच बोललं नव्हतं. ती म्हणत होती ते खरं होतं, ते म्हणत होते त्यातही खरं होतं, वकिलांनी आपलं काम केलं आणि मी हुकूम पाळला. नोकरीत मी एक गोष्ट शिकलो होतो, की खोटं बोलणाऱ्याला वळवता येतं. दरडावा, चुचकारा, पुरावा दाखवा, तो मोडतो. या प्रकरणाने दुसरी शिकवली. ज्याची बाजू खरी आहे आणि ज्याला ते ठाऊक आहे, त्याला वळवायची विद्या पोलिसांकडे नाही. ती त्याच्या गुरूकडे किंवा आईबापाकडे असली तर असते, आणि इथे तर गुरूच समोरच्या खुर्चीत बसला होता.

बायकोच्या गोळ्या आणायला मला दर महिन्याला सरकारी इस्पितळात जावं लागतं. साखरवाल्यांच्या ओळीत पायाला फडकी बांधलेले लोक बाकांवर बसलेले असतात. शेतावरचे असतात, बसचे ड्रायव्हर असतात, पितळी समया घडवणारे असतात. त्यांना यातलं काही माहीत नाही. मी मनाशी म्हणतो, कदाचित त्या औषधाचा माणसाला गुण आलाही नसता. उंदीर वेगळा, माणूस वेगळा. पण आला असता की नाही, एवढं तरी त्यांना कळायला हवं होतं हो. तेही आता कधी कळायचं नाही.